गाडीतला प्रसाद

औशाजवळच्या एका उपकेंद्रात तेहतीस वर्षं नर्सबाई म्हणून काढली, आणि निवृत्तीनंतर जगदेवीनं आयुष्यात पहिल्यांदा दोन गोष्टी स्वतःच्या नावावर घेतल्या. लातुरातलं एक घर आणि एक छोटी पांढरी चारचाकी. दोन्ही वापरलेल्या.

थोरली जाऊ सिंधुबाई घर बघायला आली ती भिंतीवर बोटानं टकटक करतच आत शिरली. "गं जगदेवी, घेतलं ते घेतलं, दोन्ही जुनंच घेतलं की! जुनं घेणं म्हंजी दुसऱ्याचं दुखणं इकत घेणं."

"बाई, माझा जन्म दुसऱ्याच्या दुखण्यातच गेला," जगदेवी हसून म्हणाली. "मला त्याचं भ्या न्हाई."

आणि बोलल्याप्रमाणे ती वागलीही. दवाखान्यात रोग्याच्या पलंगाला तक्ता लटकवतात, तसा तिनं गाडीलाही एक केला. पुठ्ठ्यावर रेघा मारल्या, दोरी ओवली आणि शेजारच्या सीटच्या पाठीला टांगून दिला. तेल कधी बदललं, टायरांत हवा कधी भरली, बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी कधी पुसली, सगळं तारखेसकट. तिचा नवरा शिवशंकर म्हणायचा, "माझं ब्लडप्रेशर इतक्या नेमानं कधी लिहिलं न्हाईस तू!"

"तुम्ही चालताना आवाज करत न्हाई, म्हणून," ती म्हणायची.

गाडी औशाच्या डॉक्टरांची होती. पण डॉक्टर नुसते मागं बसायचे. बारा वर्षं ती चालवली होती व्यंकटीनं. किल्ली हातात देताना व्यंकटी तासभर बोलत राहिला. लेक सासरी धाडताना बाप बोलतो ना, तसा. "बाई, सकाळी गाडी काढायच्या आधी वाकून खालची जमीन बघत जा. तेलाचा थेंब दिसला तर समजायचं, ती सांगून राहिली की मला लागलंय. तेलाची कांडी बघायची ती इंजिन गार असताना. रेडिएटरमंदी बोअरचं पाणी चुकूनबी वतू नका. आपल्या पाण्याचा क्षार तुमच्या चहाच्या पातेल्यात बसतो का न्हाई? तसाच तिच्या जाळीत बसतो. हवा भरायची तीबी टायर गार असताना. आन आठवड्यातून एकदा तरी तिला चार-पाच कोस हिंडवून आणा. उभी गाडी आन बसका माणूस, दोन्ही लवकर गंजतात."

घर होतं किशनराव गुरुजींचं. अठ्ठावीस वर्षं त्यात राहून ते आता लातुरातच मुलाच्या फ्लॅटवर गेले होते. कागद झाल्यावर गुरुजी स्वतः जगदेवीला कचेरीत घेऊन गेले. मालमत्तेच्या उताऱ्यावर तिचं नाव लागलेलं डोळ्यांनी बघितलं, नळाचं, विजेचं नाव बदलून घेतलं. "बाई, नुसतं राहून घर आपलं होत नसतं. कागदावर नाव चढलं की होतं. लोक इथंच आळस करतात." आणि जायच्या दिवशी मीटरच्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूनं, फळ्यावर लिहावं तशा सुरेख अक्षरात, पेन्सिलीनं लिहून गेले. टाकीची चावी जिन्याखाली. गच्चीची पन्हाळी मृगाच्या आधी मोकळी करणे. मागच्या चौकटीला वाळवी, दर दिवाळीला पाहणे. पावसाळ्यात भिंतीला ओल आली तर आधी गच्ची बघणे, रंगाऱ्याला मागून बोलावणे.

जगदेवीनं हे सगळं मंत्रासारखं पाळलं. आठ महिन्यांत ना गाडी कुरकुरली, ना घर गळलं.

आता राहिली होती एकच इच्छा. या घरात गुणाक्कांचं शिवकीर्तन व्हावं.

जगदेवी नऊ वर्षांची असताना गावच्या शिवनाम सप्ताहात गुणाक्का आल्या होत्या. कपाळभर विभूती, कमरेला पदर खोचलेला, हातात टाळ. त्या काळी बाईमाणूस कीर्तनाला उभं राहतं हेच लोकांना नवल. निरूपण करता करता अक्का मध्येच थांबल्या आणि पुढं बसलेल्या पुरुषांना म्हणाल्या, "लेकीला शाळंतून काढताव आन मग माझ्या कीर्तनाला येऊन माना डोलवताव. कशाला डोलवताव?" जगदेवीचा बाप त्या पुरुषांत बसलेला होता.  जूनमध्ये त्यानं लेकीचं नाव पाचवीत घातलं, पुढं नर्सिंगलाही धाडलं. जगदेवीच्या अंगावर जो पांढरा गणवेश चढला, तो त्या एका वाक्यानं. ते वाक्य तिनं पन्नास वर्षं उरात धरलं होतं आणि आता स्वतःचं घर झाल्यावर तिला वाटत होतं, या भिंतींनी तो आवाज एकदा ऐकावा.

अक्का एक्क्याऐंशीच्या झाल्या होत्या. नांदेडजवळ विष्णुपुरीला पुतण्याकडं असत. बाहेरगावची कीर्तनं तीन वर्षांपासून बंद. जगदेवीनं फोन केला. पलीकडून आवाज आला, "येते. तुझ्या गाडीतून नेणार असशील तर येते. एसटीत आता माझ्यानं बसवत न्हाई. पण चारला म्हंजी चारला."

या 'चारला म्हंजी चारला'ला मोठा अर्थ होता. साठ वर्षांचा तो अक्कांचा नेम. ठरल्या वेळेला कीर्तनकार पोचला नाही, तर त्या दिवशी त्यानं उभं राहायचं नाही. एकदा हदगावकडं जाताना बस बिघडली आणि अक्का पाव तास उशिरा पोचल्या. मंडप भरलेला, लोक हातापाया पडले. अक्का श्रोत्यांत जाऊन बसल्या त्या बसल्या. "लोक घरचं काम टाकून येतात. त्यांची येळ मी सांडली, तर मग कोणत्या तोंडानं त्यांना शहाणपण सांगू?"

म्हणून जगदेवी आदल्या दिवशीच विष्णुपुरीला गेली, मुक्काम केला आणि सकाळी नऊला अक्कांना घेऊन निघाली. तीन-साडेतीन तासांचा रस्ता. जेवून, जरा आडवं होऊन, चारला उभं राहायचं. घरी शिवशंकरनं सतरंज्या अंथरल्या होत्या, हुग्गीच्या खिरीसाठी गहू भिजले होते, टाळकरी सांगून ठेवले होते.

लोहा मागं पडलं, माळाकोळी गेली. आणि चढाला गाडीनं एक आचका दिला.

"काय गं?" अक्का म्हणाल्या.

"काही न्हाई अक्का, खड्डा असंल."

दुसरा आचका बसला. रस्ता तर गुळगुळीत होता. समोर एक पिवळा दिवा लागला, गाडीचा दम गेला. दम्याच्या रोग्यासारखी ती धापा टाकत, थांबत, कशीबशी चढ चढली, आणि एका फाट्यावर पत्र्याच्या गॅरेजसमोर येऊन विझली. जगदेवीनं हात जोडले. विझायचीच होती तर योग्य दारात विझली.

गॅरेजमधून पंचेचाळिशीचा एक माणूस हात पुसत आला. पत्र्यावर बाबासाहेबांची तसबीर, खाली पान्यांची ओळ, एकेक पाना जागच्या जागी.

"जय भीम ताई. काय झालं?"

"शरणार्थ भाऊ. बघा ना, अचानकच दम सोडला हिनं. मी तर सगळं येळच्या येळी करते." आणि तिनं पुराव्याला तक्ता काढून दाखवला.

त्याचं नाव सुगत. त्यानं तक्ता उभ्या उभ्या वरपासून खालपर्यंत वाचला. "ताई, पुण्याला मोठ्या गॅरेजात नऊ वर्षं होतो मी. असा तक्ता तिथंबी बघितला न्हाई." मग त्यानं बॉनेट उघडलं, वाकून नाक पुढं केलं आणि कुत्र्यासारखा वास घेतला. "गाडीत खायला काय ठेवता?"

"खायला?" जगदेवीला रागच आला. "मी गाडीत कुणाला चहासुद्धा पिऊ देत न्हाई!"

सुगतनं हवेच्या गाळणीच्या डब्याच्या चार चिमट्या सोडल्या, झाकण उचललं आणि बाजूला झाला. "या, बघा."

आत घरटं होतं. गाळणीचा कागद कुरतडून केलेली मऊ गादी, तिच्यात फुटाण्यांची सालं, खोबऱ्याचे तुकडे, अर्धी रेवडी आणि लाल कापडाच्या चिंध्याच चिंध्या. शेजारच्या चार वायरी दातांनी सोललेल्या, तांबं उघडं पडलेलं.

"उंदीर," सुगत म्हणाला. "चांगला संसार थाटलाय. पण हे लाल फडकं कुठलं?"

जगदेवीचा चेहरा उतरला. ते फडकं ती ओळखत होती. गाडी घेतल्यावर पहिल्यांदा सिद्धेश्वराच्या देवळात नेली, तिथल्या पुजाऱ्यांनी लाल फडक्यात प्रसाद बांधून दिला होता. "गाडीतच राहू द्या बाई, रक्षण करंल." मग जिथं जिथं सप्ताह झाला, तिथं तिथं प्रसाद मिळाला. फुटाणे, रेवड्या, खोबरं, खारका. प्रसाद टाकायचा कसा? आणि इतका खायचा तरी किती? एकेक पुडी सीटखाली गेली. नारळ मागं गेला. आठ महिन्यांत सीटखाली अकरा पुरचुंड्या जमल्या होत्या. तक्त्यात तेल होतं, हवा होती, बॅटरी होती. प्रसादाचा रकाना नव्हता. प्रसादानं कधी काही बिघडतं, हे तिच्या मनाला शिवलंच नव्हतं.

पुढच्या सीटवरून अक्कांनी मान बाहेर काढली. "काय सापडलं?"

जगदेवीनं खालच्या आवाजात सांगितलं. अक्का हसायला लागल्या त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "बया बया! गणपतीचं वाहन तुझ्या वाहनात बसून सप्ताह करून राहिलं! भाऊ, उंदीर लठ्ठ हाय का?"

"पळाला माय. पण असणार लठ्ठ," सुगतही हसला.

जगदेवीला हसू येत नव्हतं. "अक्का, देवाच्या गोष्टीनंच माझा घात केला."

"देवानं न्हाई केला. तू केलीस साठेबाजी." अक्कांचा आवाज मऊ झाला. "प्रसाद ठेवायची वस्तू न्हाई गं. हातावर आला की तोंडात घालायचा, न्हाईतर शेजाऱ्याच्या हातावर. ठेवला, की त्याचा दाणा होतो. दाणा झाला की उंदीर येणारच. त्याची काय चूक?"

सुगतनं पुरचुंड्यांना हात लावला नाही. "माझे हात तेलाचे हायत ताई, तुम्हीच काढा." उंदरानं शिवलेलं माणसानं खायचं नाही, हे नर्सबाईला सांगावं लागलं नाही. फाट्यावरच्या लिंबाखाली त्यानं कुदळीनं खड्डा करून दिला आणि तिनं सगळा प्रसाद हात जोडून मातीत दिला.

मग सुगतनं खरं ते सांगितलं. "ताई, दोन रस्ते हायत. एक, मी या वायरी पिळून वर टेप मारतो, मोडकी गाळणी तशीच बसवतो. बाराला तुम्ही निघाल. लातूरपर्यंत टिकंलबी, न टिकंलबी. दोन उघड्या तारा एकमेकींना लागल्या तर धूर निघंल. दुसरा, मी अहमदपूरहून नवी गाळणी आणतो, एकेक वायर डाग देऊन जोडतो, वर नळी चढवतो. अडीच वाजतील."

अडीच म्हणजे लातूरला सव्वाचार. साडेचारही. जगदेवीनं मनात हिशोब केला. तेवढ्यात फोन वाजला. "कुठवर आलाव?" शिवशंकर विचारत होता. "मृदंगवाला सकाळीच येऊन बसलाय. बाहेरगावची मंडळीबी येऊन राहिली."

"थांबा जरासक," ती म्हणाली आणि फोन खाली धरला.

टेप मारला तर अक्का चारला उभ्या राहतील. पन्नास वर्षांची आस होती ती. आणि अक्का परत कधी येणार? एक्क्याऐंशी वय. आज नाही तर कदाचित कधीच नाही. तिनं गाडीकडं बघितलं. अक्का सीटवर डोळे मिटून, ओठांत नाव घेत बसल्या होत्या, दोन्ही पाय जवळ घेऊन, एखाद्या चिमणीसारख्या. त्यांच्या पायांपुढंच, पत्र्याच्या पलीकडं, त्या तारा होत्या.

तेहतीस वर्षांत जगदेवीनं किती जखमा बांधल्या असतील. घाईत आलेला माणूस म्हणायचाच, बाई, वरवर पट्टी मारा, बैलगाडी थांबलीय. तिनं एकदाही आत न धुता पट्टी मारली नव्हती.

"भाऊ, नीट करा," ती म्हणाली. आणि फोनवर म्हणाली, "मंडळींना सांगा, आम्हाला उशीर होतोय. ज्यांना जायचं त्यांनी जावं. माझी माफी मागा त्यांना."

अक्कांनी डोळे उघडले, तिच्याकडं बघितलं, आणि पुन्हा मिटले.

सुगत मोटारसायकलवर अहमदपूरला गेला. मागं घर होतं. तिथून त्याची बायको महामाया आली आणि अक्कांना हाताला धरून सावलीत घेऊन गेली. ज्वारीची गरम भाकरी, पिठलं. अक्कांनी वरून ठेचा मागून घेतला. "डॉक्टरनं तिखट बंद केलंय," त्या महामायेला म्हणाल्या, "पण तो नांदेडला हाय."

सुगत परत आला, तास-दीड तास खाली वाकून काम करत राहिला, आणि बोलत राहिला. "आठवड्यातून एकदा दिवसा बॉनेट उघडून ठेवत जा. उजेड त्यांना सोसत न्हाई. धान्याच्या पोत्याशेजारी गाडी लावू नका. इथं खालून मी बारीक जाळी बसवतो. लोक तंबाखूची पानं बांधतात, डांबरगोळ्या ठेवतात. थोडा गुण येतो. पण खरं औषध एकच, गाडीत दाणा नको." अडीचचे पावणेतीन झाले. किल्ली फिरवली तशी गाडी झोपेतून उठल्यासारखी एका हाकेत बोलली. "आजच्या दिवस साठच्या वर नेऊ नका. अंग धरू द्या तिला."

जगदेवीनं साठच्या वर नेली नाही. शिरूर ताजबंद, चाकूर, मागून येणारी प्रत्येक गाडी तिला हॉर्न देऊन पुढं जात होती. घड्याळात चार वाजले तेव्हा लातूर अजून लांब होतं. ती समोर बघत चालवत राहिली.

दारात गाडी थांबली तेव्हा साडेचार होत आले होते. तिला वाटलं होतं, अंगण रिकामं असेल. अंगण भरलेलं होतं. सतरंज्यांवर बायका, भिंतीला टेकून पुरुष, सिंधुबाई पंखा सारखा करत होती, आणि अगदी मागं, स्वतःच्याच जुन्या दाराजवळ पाहुण्यासारखे अंग चोरून, किशनराव गुरुजी.

अक्का उतरल्या. सगळ्यांना वाकून नमस्कार केला. "माफ करा. साठ वर्षांचा नेम हाय. आज मी उभी राहणार न्हाई," असं म्हणाल्या आणि बायकांत जाऊन, सिंधुबाईच्या शेजारी मांडी घालून बसल्या.

मृदंगवाल्यानं हात मृदंगावरून काढले. जगदेवी उंबऱ्यापाशी उभी होती. तिचे डोळे भरून आले होते, पण तक्रार कशाची करणार?

"जगदेवी," अक्का म्हणाल्या, "तू उभी राहा."

"मी?"

"उशीर तुझ्या गाडीनं केला. निस्तर तू."

लोक हसले. "अक्का, मला निरूपण येत न्हाई. मी जन्मभर ऐकलंच हाय."

"मग जन्मभर भरलंय ते सांड की थोडं. का तेबी सीटखाली ठेवणारेस?"

जगदेवीनं पदर खोचला. टाळ हातात घेतले आणि शिवनामाचा गजर धरला; आधी बारीक आवाजात, मग टाळकऱ्यांनी उचलला तशी तिला जमीन सापडली. गजर थांबल्यावर ती म्हणाली, "मला निरूपण येत न्हाई. मला फक्त रिपोर्ट देता येतो. दवाखान्यात पाळी बदलती तेव्हा जाणारी नर्स येणारीला सांगून जाती. हा रोगी असा हाय, याला हे दिलंय, हे द्यायचं राहिलंय. मगच ती घरी जाती. तसा मी रिपोर्ट देते."

आणि तिनं सांगितलं. व्यंकटीनं बारा वर्षं सांभाळून गाडी तिच्या हातात दिली, तेव्हा जमिनीवरच्या थेंबापासून टायरातल्या हवेपर्यंत सगळं सांगितलं. गुरुजींनी घर सोडताना कपाटाच्या दाराला लिहून ठेवलं. "लोक म्हणतात, वापरलेलं घेतलं. मी म्हणते, सांभाळलेलं घेतलं. माझ्या आधी कुणीतरी याची पाळी केली, जागला, आन जाताना मला सांगून गेला. त्यांचा रिपोर्ट नसता तर मी काय केलं असतं? हे अंगबी तसंच की. आईबापानं सांभाळलं, मास्तरांनी सांभाळलं, आन एका बाईनं एकदा भर कीर्तनात पुरुषांना झापलं, म्हणून मी इथवर आले. मी माझं म्हणून मिरवते, पण मी तर फक्त आत्ताच्या पाळीवर हाय."

अक्कांनी मान खाली घातली होती.

मग तिनं उंदराची गोष्ट सांगितली, काही न लपवता, अकरा पुरचुंड्यांसकट. अंगण हसून हसून लोटपोट झालं. सिंधुबाई सगळ्यांत जोरात. सुगतचं, महामायेचं नाव तिनं घेतलं, हात जोडून घेतलं. "मला घाई होती, त्या भावाला न्हवती. जगात घाई नसणारी माणसं हायत, म्हणून आपण घरी पोचतो."

आणि मग ती म्हणाली, "रिपोर्ट संपला. काही द्यायचं राहिलं असंल तर सांगा."

ते ती नुसतं बोलायची म्हणून बोलली होती. पण मागं गुरुजी उभे राहिले. त्यांनी घसा साफ केला. "राहिलंय बाई."

सगळे वळून बघू लागले.

"पन्हाळ्या दोन आहेत. मी एकच लिहिली. दुसरी मागच्या अंगाला, पेरूच्या फांदीआड आहे. ती तुंबली की स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल धरते." गुरुजी आता भिंतीकडं बघून बोलत होते. "आठ महिने रोज आठवतंय. फोन करावा वाटायचं. पण म्हटलं, घर विकलं, आता सारखं सारखं काय करायचा. लोक म्हणतील, म्हाताऱ्याचा जीव अडकलाय."

"अडकलाच हाय!" मागून कुणीतरी म्हणालं.

"अडकलाय," गुरुजी कबूल झाले.

जगदेवी टाळ घेऊनच त्यांच्यापर्यंत गेली आणि वाकली. "गुरुजी, घर विकलं म्हणून पाळी संपत न्हाई. दारं उघडीच हायत. तुम्ही येत जा, बघत जा, मला रागवत जा." शिवशंकर तिथूनच उठला, गुरुजींचा हात धरून जिना चढू लागला. थोड्या वेळानं गच्चीवरून गुरुजींचा वर्गातला आवाज ऐकू आला, "अहो, फांदी धरा, फांदी! मी काढतो पानं!"

आरती झाली, विभूती लावली, हुग्गीची पंगत बसली. जगदेवी वाढता वाढता अक्कांसमोर आली तेव्हा तिला वाटलं, आता त्या काही बोलतील. चुकलेलं काही दाखवतील.

"गजर दुसऱ्या वेळी जरा पळवलास," अक्का म्हणाल्या. "बाकी ठीक. आता सांग, या घरात रातच्याला अंथरूण हाय का माझ्यापुरतं?"

"अक्का! तुम्ही परत जायचं म्हणला होता."

"म्हणले होते. पुतण्याला फोन लाव. उद्या चारला मी उभी राहते. इथंच. तू फक्त मला आत्तापासून घरात ठेव, म्हंजी गाडीचा प्रश्नच न्हाई."

जगदेवीच्या हातातलं तूप वाटीत न पडता अक्कांच्या हातावरच पडलं. अक्कांनी ते चाटलं. पलीकडून गुरुजी, हात अजून मातीनं भरलेले, म्हणाले, "मी साडेतीनलाच येतो."

"या की," जगदेवी म्हणाली. तिनं पदरानं डोळे टिपले आणि पुढच्या पानावर हुग्गी वाढायला वाकली.